उचगावच्या मैदानातील हस्तांदोलन

स्वस्ति श्री सकलकोंकणकुलावतंस, खानावळीच्या पारदर्शक आमटीचा निर्भय प्राशक, त्रिकोणमितीकडून वारंवार घायाळ तथापि अद्यापि अपराजित, मृत्तिकालिंगनविशारद असा जो मी, तो भावी प्रवाशांच्या हितार्थ पुढील वृत्तांत सादर करीत आहे.

विद्यार्जनार्थ परदेशगमन म्हटले की लोकांस विलायत आठवते. आमचा परदेश आंबा घाट चढून गेल्यावर लागला. इंग्रजी मुलखातून करवीर संस्थानात आलो. भाषा मराठीच, परंतु ती इतक्या उच्च स्वरात बोलली जाई की समस्त कोल्हापूर माझ्यावर रागावले आहे, असा माझा कित्येक महिने समज होता. विद्यमान महाराज तेव्हा नुकतेच गादीवर आले होते. राजाच मल्लविद्येचा भोक्ता, त्यामुळे गल्लोगल्ली तालीम. मी मात्र त्या शास्त्रापासून सुरक्षित अंतर राखून होतो.

वैशाखात परीक्षा संपली. बोर्डिंगच्या खोलीत भट्टीचा ताप. माझा सहनिवासी ज्ञानू, उचगावच्या पाटलाचा मुलगा, म्हणाला, "आमच्या गावची जत्रा हाय. चला की! हितं शिजत बसायचं व्हय?" तिसरा सोबती दाऊद. त्याचे वडील शहरात पुस्तके बांधीत, आणि तो स्वतः पहाटे तालमीत जाऊन मग वर्गात झोपत असे.

उचगावास पायीच जावे. ऊन उतरल्यावर निघाल्यास दिवेलागणीपूर्वी माणूस सुखाने पोहोचतो. तांब्या बरोबर घ्यावा; वाटेत मळ्यांतील विहिरींवर पाणी कोणी नाकारीत नाही. जेवण ज्ञानूच्या घरी झाले. रश्श्याचा पहिला घोट घेताच माझ्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या. ज्ञानूची आई कळवळून म्हणाली, "घरची आठवण आली व्हय लेकरा? घे, आनि थोडा घे."

तदनंतर मैदान. मशाली पेटलेल्या, हलगी कडाडणारी, लाल माती. दाराएवढ्या रुंदीचा एक मल्ल उजवा हात पुढे करून गोलाकार फिरत होता. तो फिरत फिरत माझ्यासमोर आला. सभ्य गृहस्थाने हात पुढे केल्यास तो सस्मित धरावा, असे कॉलेजात साहेबांनी शिकविले होते. मी तो धरला, हलविला, आणि प्रकृतिमानाची चौकशीही केली.

हलगी दुप्पट वेगाने वाजू लागली.

"आरं मर्दा, काय केलंस हे!" दाऊदने कपाळावर हात मारला. "फिरणाऱ्याचा हात धरला म्हंजी कुस्ती धरली!"

"पावणं, कापडं काढा," मल्ल अत्यंत आदराने म्हणाला.

मी पलायनाचा मार्ग शोधू लागलो. तोच ज्ञानूचा चेहरा दिसला. नेहमीचा टवाळखोर ज्ञानू पांढराफटक पडला होता. "मागं सरलास तर आबांना गावात मान वर करता यायची न्हाय. पाटलाचा पावणा पळाला, म्हणत्याल जलमभर," तो हळूच म्हणाला. त्याचे वडील पंचांमध्ये बसले होते आणि माझ्याकडे पाहण्याचे टाळीत होते. मी सदरा काढला.

लंगोट कसता कसता दाऊदने कानात संपूर्ण मल्लशास्त्र सांगितले. "पाठ टेकली तर हार. पोट टेकलं तर काय बी न्हाय. पालथा पड, यार, आन उठूच नगंस."

सलामी झाली. पुढच्याच क्षणी मी पालथा होतो, आणि ते बऱ्याच अंशी स्वेच्छेने नव्हते. मात्र एकदा भूमातेस कवटाळले ते कवटाळलेच. तव्याला चिकटलेले थालीपीठ उलटावे तसा तो बलभीम सर्व बाजूंनी माझ्या कडा सोडवू लागला.

"आरं, पावणा रुजला की तितं!"

"पाणी घाला, कोंब फुटंल!"

हशा उसळला. घटका उलटत चालली. माझे हात सुन्न झाले, नाकात माती गेली, एकदा तर डावा खांदा उचललाच गेला आणि ज्ञानूची किंकाळी ऐकू आली. मी कोपर रोवून खांदा पुन्हा खाली आणला. हळूहळू हशाचा सूर पालटला.

"पर सोडंना बगा गडी!"

"धर पावण्या, धर!"

अखेर पंच उठले. कुस्ती बरोबरीत! तोच मल्ल हसत हसत मला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरला. "माती लई गोड लागली व्हय पावणं?" मुख त्याच मातीने भरलेले असल्याने मी केवळ मान डोलावली. ज्ञानूच्या वडिलांनी स्वहस्ते मला गुलाबी फेटा बांधला आणि आल्यागेल्यास सांगत राहिले, "आमचा पावणा हाय." ज्ञानू रात्रभर छाती काढून हिंडला. पहाटे आम्ही तिघे गर्जत शहरात शिरलो, तेव्हा पंचम जॉर्जचाही असा थाट झाला नसता.

आज कोकणात परतून बहुत वर्षे लोटली. त्रिकोणमिती गेली, केस गेले. कचेरीतील वरिष्ठ अंगावर धावून आले की मी मनाने पालथा पडतो. अद्यापि कोणी उलथविलेले नाही. इतके पांडित्य मला कॉलेजाने दिले नाही.

एक तक्रार मात्र नमूद करणे प्राप्त आहे. गेल्या पावसाळ्यात पेटीला ओल येऊन त्या फेट्याचा रंग माझ्या दोन शुभ्र धोतरांस लागला. परीट म्हणतो, फेट्यात होता तोवर रंग कच्चा होता, धोतरात येऊन पक्का झाला, आता निघायचा नाही. सोमवारी कचेरीत काय नेसून जावे?