रिकाम्या पुस्तकाची मुदतवाढ

वाचनालयांचे प्रोग्राम बनवणाऱ्या त्या कंपनीत कोणी मालकाला घाबरत नसे. घाबरत ते तपासणीबाईंना. मालक तसा बाइंडरचा मुलगा. बापाच्या दुकानामागच्या खोलीत, खळीच्या वासात, एक कॉम्प्युटर आणि तीन खुर्च्या टाकून त्याने कंपनी काढली. एका खुर्चीवर तो, दुसरीवर बाई, तिसरीवर एक प्रोग्रामवाला. हा दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचा, म्हणून त्याचं नाव पडलं मौनीबाबा. बाई आधी एका वाचनालयात देवघेवीच्या खिडकीत बसत. वाचक कुठे कसा घोळ घालतो ते त्यांना तोंडपाठ, आणि तो सगळा घोळ त्या रोज मौनीबाबाच्या प्रोग्रामात मन लावून घालत.

तपासणीला खोटं पुस्तक लागतं. बाईंनी एक नोंदवलं. नाव, 'रिकामं पुस्तक'. लेखक, 'कोणीतरी'. पानं शून्य लिहिली तर प्रोग्राम हटून बसला, म्हणून एक. हे पुस्तक सकाळी कोणा खोट्या सभासदाला द्यायचं, दुपारी मुदत वाढवायची, संध्याकाळी परत घ्यायचं. नोंदीत शेऱ्याची एक जागा असते. वाचनालयं तिथे 'कोपरा फाटला' वगैरे लिहितात. मौनीबाबा तिथे लिहायचा, 'चहा गार होतोय.' बाई हातभर अंतरावर बसलेल्या, पण उत्तर शेऱ्यातच, 'आधी तुमची चूक दुरुस्त करा, मग चहा.'

"अरे, तोंडं कशाला दिलीत देवाने?" मालक ओरडायचा. दोघंही कीबोर्डात मान घालायचे.

अशी सात वर्षं गेली. एका खोलीच्या चार झाल्या, मग रस्त्यापलीकडे तीन मजले. वाचकाने घरबसल्या मुदत वाढवून घ्यावी, ही सोय नवी निघाली, आणि ते मौनीबाबाचं शेवटचं काम ठरलं. समुद्रापलीकडे त्याची विधवा बहीण आजारी पडली होती, पदरात दोन लेकरं. त्याला जाणं भाग होतं.

जाण्याच्या दिवशी तो बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आख्खा मजला कान टवकारून बसला.

"एक पुस्तक नेतोय," तो म्हणाला. 'रिकामं पुस्तक' त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं.

आणि आपल्या बाई काय म्हणाल्या? "वेळेवर परत करा म्हणजे झालं."

झालं! सात वर्षांचं सगळं या एका वाक्यात आटोपलं. मालकाने कपाळावर हात मारून घेतला.

बाईंना एक कळ दाबून ते पुस्तक परत आलेलं दाखवता आलं असतं. त्यांनी दाखवलं नाही. तपासणीला 'रिकामं पुस्तक, भाग दोन' तयार केलं. दर नव्या आवृत्तीत जुनी नोंद जपून पुढे आणली. पण उघडली कधीच नाही. किती दिवस उशीर झाला, तो आकडा डोळ्यांनी बघवला नसता. साऱ्या जगाच्या चुका धुंडाळणारी बाई, पण हे एक पान सोडून. मालक पायऱ्यांवर भेटला की विचारी, "आलं का हो तुमचं पुस्तक?"

"वाचक चांगला आहे, सावकाश वाचतो," बाई म्हणत, आणि पुढचा जिना जरा हळू चढत.

एकोणीस वर्षं गेली. मालक थकला, त्याने कंपनी एका बड्या कंपनीला विकली. नव्या मंडळींकडून एक चुणचुणीत पोरगी आली, जुन्या नोंदी नव्या प्रोग्रामात न्यायला.

"मावशी, तपासणीच्या नोंदींतलं एक पुस्तक बाहेर आहे. उशिराचं असेल तर आमच्या नियमाने गहाळ दाखवून पुसते."

"पूस," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पोरगीच पुढे बोलली.

"पण गंमत बघा, हे उशिराचं नाहीच. मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत आहे. चारशे ब्याऐंशी वेळा वाढवलीय!"

"काय?"

"आपोआप वाढत असेल."

"आपल्या प्रोग्रामात आपोआप काही वाढत नाही. मीच वाढू दिलं नाही." बाईंनी चष्मा चढवला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते पान उघडलं. तारखांच्या रांगा. कधी अकराव्या दिवशी, कधी तेराव्या. बऱ्याचदा अगदी शेवटच्या, पंधराव्या. काम शेवटच्या घटकेला द्यायची त्याची खोड गेली नव्हती. वेळेवर, असं बाईच म्हणाल्या होत्या. समुद्रापलीकडून, घरबसल्या, एकही दिवस त्याने उशीर केला नव्हता. परत करा, हेही म्हणाल्या होत्या; पण मागितलं कधी होतं?

"मग राहू देऊ, मावशी? वाढत राहील असंच."

"नको." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. पुस्तकाला दुसऱ्या वाचकाची मागणी आली की मुदत वाढत नाही, वाचकाला तसं पत्र जातं, शेऱ्यासकट. हा नियमही बाईंनीच घालून घेतला होता. मागणीच्या पानावर त्यांनी स्वतःचा सभासद क्रमांक घातला. शेऱ्याच्या जागेत लिहिलं, 'चहा गार होतोय.'

"मंगळवारपर्यंत हे पान पुसू नकोस हं," त्या पोरीला म्हणाल्या, आणि कळ दाबली.