ट्रकला आवतण

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या पाचव्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या हातात एक दगड दिला. मी नाशिकची, वडील बँकेत. सासरी ओटीत नारळ पडतो हे ठाऊक होतं, हातात दगड पडतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

"सूनबाई, दगड धर. मी हाक मारसू तवय चाकमागे टाक," असं म्हणून ते समोरच्या ट्रकमध्ये चढून बसले.

ट्रकला हँडब्रेक नव्हता. पायाचा ब्रेक होता, पण तो विचार करून लागायचा. म्हणून ट्रक थांबला की कुणीतरी धावत जाऊन चाकामागे दगड टाकायचा, अशी घरची रीत. माझ्या आधी हे काम नवऱ्याकडे होतं. त्याला तालुक्याला नोकरी लागली, आणि माझ्या मते लग्नाची घाई झाली ती त्यामुळेच. हिरव्या चुड्याच्या हातात पाच किलोचा दगड धरून मी ट्रकमागे पळाले, त्याला आता चौदा वर्षं झाली. दगड तोच आहे.

आमचं शेत तापीच्या काठाला, प्रकाशा गावाहून थोडं आत. जमीन ताटासारखी सपाट, आणि सगळी अडचण तिथेच होती. ट्रकला बॅटरी टिकत नाही, तो उतारावर सोडला तरच चालू होतो, आणि आमच्या शिवारात उतार म्हणून नाही. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विहिरीतून निघालेल्या मातीचं एक टेकाड रचलं. ट्रक त्यावर चढवून ठेवायचा, सकाळी दगड काढायचा, ट्रक घरंगळत खाली आला की गिअर टाकायचा. आता बंद पडलेला ट्रक टेकाडावर चढणार कसा? तर शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून.

हा सगळा प्रकार समजायला मला महिना लागला. समजल्यावर मी विचारलं, "नाना, पपईचे कॅरेट बांधापासून रस्त्यापर्यंतच न्यायचे असतात. त्यासाठी शेजारचा ट्रॅक्टर आणून ट्रक वर चढवायचा, त्यापेक्षा ट्रॅक्टरनेच कॅरेट नेले तर?"

नानांनी ट्रककडे बघितलं. मग म्हणाले, "मंग ट्रक काय करी?"

मी दगड उचलला.

ट्रकचा मूळ रंग कोणता होता यावर घरात तीन मतं आहेत. गंजाने सगळी मतं झाकून टाकली आहेत. हौद्यात एक कोंबडी दरवर्षी खुडूक बसते, तेवढे दिवस ट्रकला सुट्टी. कागदपत्रं कधीच संपली, त्यामुळे डांबरी रस्त्यावर जायचं नाही, शेतातल्या शेतात फिरायचं. आमच्याकडे येण्याआधी तो नंदुरबारला पथाऱ्यांवर होता. तिथे उघड्या रानात लाल मिरची वाळत घालतात, ती त्याने जन्मभर वाहिली. मिरची संपली, पण तिची पूड फटीफटीत बसून राहिली. इंजिन थरथरलं की ती उडते. म्हणून ट्रक चालू करताना आम्ही सगळे नाकाला पदर, रुमाल, जे मिळेल ते लावतो. नवीन माणूस आला तर त्याला सांगायचं राहून जातं आणि तो शिंकत शिंकत घरी जातो.

एवढा सोस कशासाठी, हे मला पहिल्या पोळ्याला कळलं.

नानांची शेवटची बैलजोडी माझ्या लग्नाआधी गेली. एक म्हातारा होऊन मेला, त्याच्या मागे दुसऱ्याने चारा सोडला. पुन्हा बैल आणायचा जीव झाला नाही. पण गावच्या पोळ्यात या घराचा तिसरा मान. पहिल्या दोन जोड्या, मग आमची. बैल गेल्यावर पहिल्या पोळ्याला नाना दार लावून आत बसून राहिले, वाजंत्री दारावरून गेली तरी बाहेर आले नाहीत. सासूबाई सांगतात, त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. त्यानंतर चार महिन्यांनी ते नंदुरबारहून हा ट्रक घेऊन आले, आणि पुढच्या पोळ्याला तो रांगेत तिसरा उभा केला.

गावाने हरकत घेतली. नाना म्हणाले, ज्याने वर्षभर ओझं वाहिलं तो बैल. गावाला पटलं की नाही ठाऊक नाही, पण नानांचा आवाज मोठा आहे. वेशीत दोन बांबू रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, ते ट्रकसाठी दुप्पट उंच बांधायला लागले. त्याखालून बैल जाताना फारच लहान दिसतात.

मग लोकांनी ट्रॅक्टरही आणायला सुरुवात केली. आता जोड्या उरल्यात चार आणि ट्रॅक्टर अकरा. मध्ये एका वर्षी ट्रॅक्टरवाले तोरणाखालून निघून सरळ वखराला लागले. नाना मारुतीच्या पारावर उभे राहून गरजले, "पोयाले ट्रॅक्टर बी बैलच शे! आज त्येना खांदावर काही ठेवानं नही. हूक बी नही!" तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी गावात एकाही ट्रॅक्टरला काही जोडत नाहीत. हा नियम नानांनी केला, हे ध्यानात ठेवा.

सासूबाईंनी इतकी वर्षं ट्रकला तोंडभर शिव्या दिल्या, पण तो हलवा असं कधी म्हणाल्या नाहीत. यंदा उन्हाळ्यात म्हणाल्या. त्याला कारण घडलं.

नाना रोज दुपारी ट्रकखाली शिरतात. ग्रीस लावतात, तारा बांधतात, बाहेर फक्त पाय. आम्हाला त्या पायांची सवय. त्या दिवशी मी चहा नेऊन पायांपाशी ठेवला. तासाने गेले तर चहा तसाच. मी तो परत नेला, गरम करून पुन्हा ठेवला. कोंबडी पायावर चढून बसली होती, मला वाटलं डोळा लागला असेल. तिसऱ्यांदा सासूबाई स्वतः गेल्या आणि वाकून बघितलं. नानांचा गुडघा आखडला होता, हलता येत नव्हतं. दुपारभर ते हाका मारत होते आणि पाण्याच्या मोटारीच्या आवाजात आम्हाला एकही ऐकू आली नव्हती. चहा मात्र दोनदा वेळेवर पोचला होता. हे आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते.

त्या संध्याकाळी सासूबाई चुलीपुढून उठल्या आणि दारात उभ्या राहिल्या. "ह्या पोयाले त्यो आपला पायवर तोरनखालतून गया तं ऱ्हाई. ढकलनं पडनं, तं दुसरा दिन भंगारवाला येई. मन्हा शब्द शे."

"मन्हा बी शब्द," नाना खाटेवरून म्हणाले. ते शब्द मोडत नाहीत, म्हणून मी घाबरले. ट्रकशिवाय हा माणूस पुन्हा दार लावून आत बसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्यानंतरचे तीन महिने घरात ट्रकशिवाय विषय नाही. विसरवाडीला हायवेवर जुने सुटे भाग मिळतात, तिथून नवऱ्याने दोन सुट्ट्या घालवून एक पंप आणला. तो बसेना. तेव्हा पंपाला बसेल असा दुसरा भाग आणला, आणि त्याला बसेल असा तिसरा. शेवटी नानांनी जुनाच पंप सायकलच्या ट्यूबने बांधला आणि तो चालला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्यांना जेवायचं आवतण द्यायचं. ट्रकचा खांदा कोणता, हा वाद दरवर्षी नव्याने होतो.

"इंजिन वढस, म्हनून बोनेट," ट्रॅक्टरवाले शेजारी म्हणाले. ते ट्रक टेकाडावर ओढून द्यायला आले होते, कारण दुसऱ्या दिवशी ओढणं बंद.

"बोनेट डोकं शे," नाना म्हणाले. "खांदा खाले ऱ्हास, जठे वजन येस." आणि कुणी धरायच्या आत वाटी घेऊन खाली शिरले. पुढच्या ॲक्सलला तूप-हळद चोळताना आतून त्यांचा आवाज आला, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." मग गुडघा पुन्हा आखडला. सासूबाई आणि मी खाली वाकलो आणि एकेक पाय धरून त्यांना बाहेर ओढलं.

सकाळी बोनेटवर झूल नव्हती. जुनी फाटली होती. सासूबाईंनी ट्रंकेतून आपली हिरवी साडी काढून माझ्याकडे फेकली. "जाई तं नीट जाई," म्हणाल्या. मी आरशांना बेगड लावली, पुढच्या जाळीला घुंगरमाळ बांधली, दगडालासुद्धा कुंकू लावलं.

ट्रक टेकाडावरून सुटला आणि पहिल्या झटक्यात चालू झाला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मी दगड घेऊन मागे पळत होते आणि चक्क हसत होते.

वेशीपर्यंत सगळं नीट. पहिली जोडी गेली. दुसरी तोरणाखाली पोचली, थांबली आणि तिथेच सावकाश शेण टाकू लागली. यात त्यांची चूक काही नाही, बैल आहेत. पण आमच्या ट्रकला थांबून राहणं जमत नाही. पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला तरच इंजिन जिवंत राहतं. नाना दाबून बसले. बैलांना घाई नव्हती. मी खिडकीतून नानांचं तोंड बघत होते, ते घामाने भिजलं होतं. एकदाची जोडी हलली, ट्रक पुढे सरकला, बोनेट तोरणाखाली गेलं, आणि इंजिनने दोन उचक्या देऊन मान टाकली.

अर्धा ट्रक आत, अर्धा बाहेर. मागे दोन जोड्या, अकरा ट्रॅक्टर आणि सगळं गाव. वाजंत्री थांबली.

"ट्रॅक्टर लावा," कुणीतरी म्हणालं. लगेच दुसऱ्याने आठवण दिली की आज हूक लावता येत नाही. बैल तर नाहीच नाही. सगळ्यांनी नानांकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तर नियम तिथेच मोडला असता.

"नही," नाना आतून म्हणाले. "पोया शे."

मग माणसांनी ढकललं. पुरणपोळीआधी, रिकाम्या पोटी चाळीस माणसं, नव्या कपड्यांत. ट्रक तोरणाखालून गेला, मारुतीच्या पाराकडे वळला, नानांनी क्लच सोडला आणि इंजिन खवळून चालू झालं. नाकाला रुमाल लावायचं कुणालाच सुचलं नाही. जन्मभराची मिरची एकदम बाहेर आली. माणसं शिंकली, बैल शिंकले, सनईवाला वाजवता वाजवता शिंकला आणि जो सूर निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. सगळं गाव डोळे पुसत उभं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी गेलं.

नानांना खाली उतरता येईना. चौघांनी उचलून पारावर बसवलं. सासूबाई ताट घेऊन पुढे आल्या, डोळे त्यांचेही लाल.

"बलाव भंगारवालाले," नाना म्हणाले. "ढकलनं पडनं." मग जरा थांबून, "इंजिन बरोबर व्हतं. पाय मन्हा सटकना."

मी चौदा वर्षं त्या ट्रकला मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत, पण त्या क्षणी भंगारवाला समोर आला असता, तर मी त्याच्यावर दगड उगारला असता.

सासूबाईंनी पुरणपोळी मोडून बोनेटवर ठेवली. बोनेट तापलेलं, तूप चुरचुरलं. मग नानांकडे वळल्या.

"गुडगा तुमना आटकना, आनि भंगारमा त्येले धाडानं? तसं व्हई तं भंगारवाला पहिले तुमलेच तोली."

पारावर कुणीतरी हसलं. नाना गुडघा चोळू लागले.

"पन आते त्येना खाले तुम्ही जावानं नही," सासूबाईंनी बोट दाखवलं. "सून जाई."

"मी?" मी म्हटलं. "आणि दगड?"

एवढ्यात पारापुढच्या जराशा उतारावर ट्रक मागे सरकू लागला; गडबडीत दगड लावायचा राहिलाच होता. सासूबाईंनी ताट पारावर ठेवलं, माझ्या हातातला दगड घेतला आणि एका झटक्यात चाकामागे बसवला. ट्रक जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं त्या लांबून माझं दगड टाकणं बघत होत्या, तेव्हा काय बघत होत्या ते मला आत्ता कळलं.

मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा ट्रकखाली गेले. नाना खाटेवर बसून कुठे किती ग्रीस लावायचं ते सांगत होते. दगड चाकामागे होता आणि सासूबाई त्या दगडावर बसून राहिल्या होत्या, तो हलायला नको म्हणून. दर पाच मिनिटांनी त्या मला हाक मारत होत्या आणि मी ओ दिल्याशिवाय पुढचं बोलत नव्हत्या.

ॲक्सलवर पोळ्याची हळद अजून होती. नानांच्या चार बोटांच्या रेघा सरळ उठल्या होत्या. मी तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे ग्रीस लावलं.

"समदं व्हयनं का?" नानांनी वरून विचारलं.

"व्हयनं," मी म्हटलं.