पाचव्या बारचा कोमल गंधार

मी हार्मोनियमवर शिकलेली. सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत हलायचा नाही, हे डोक्यात पक्कं. त्यामुळे नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर बसले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सॅक्सोफोनवाल्या काकांशी माझं वाजलं.

काका उमेदीची वर्षं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये काढून गावी परतलेले. तालीम संपली की ते मला ब्लूज ही पाश्चात्त्य संगीतशैली शिकवत. बारा बारची एक फेरी, बारात चार ठोके. आधी सी सेव्हन ही कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे चार सूर, पाचव्या बारला एफ सेव्हन, पुन्हा सी. शेवटाकडे डी मायनर, जी सेव्हन, की परत सी. डाव्या हातात कॉर्ड आणि उजव्याने मी सुसाट ताना घ्यायचे. पाचव्या बारला काका हात वर करायचे.

"थांब. डावा हात एफवर गेला की. मग उजवा अजून शुद्ध गंधारावर कशाला बसलाय? कोमल घे."

"चाल तीच असताना सूर का बदलायचा, काका?"

"मी सांगतोय म्हणून बदलू नको. खालची कॉर्ड ऐक, मग बदल."

महिनाभर मी तेवढंच ऐकलं. एका संध्याकाळी बोट आपसूक अर्धा सूर खाली उतरलं आणि अंगावर काटा आला.

पुढे कागलजवळ एका मेळाव्यात दुपारचा कार्यक्रम होता. गायकाची गाडी वाटेत बंद पडली. समोरून शिट्ट्या सुरू झाल्या.

"सीमध्ये ब्लूज," काका म्हणाले. दोन फेऱ्या वाजवून त्यांनी सॅक्स खाली घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मला भीती वाटली नाही. पहिल्या चार बारांत मी तीनच सूर वाजवले, पाचव्याला कोमल गंधारावर येऊन थांबले. बसू दिलं लोकांना त्यावर. मग सुटले. तिसऱ्या फेरीत शिट्ट्यांच्या टाळ्या झाल्या, त्याही ठोक्यावर.

कार्यक्रमानंतर एक फेटेवाले स्टेजपाशी आले. "बाई, ह्यो कंचा राग म्हनायचा?"

"राग न्हाय, मामा. ब्लूज हाय."

"आसंल. पन मदी एका जागी लई काळजात गेलं की."

मी ती जागा पुन्हा वाजवून दाखवली.

"व्हय, हीच!"

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात माझा ब्लूज ठरलेला. आपली दोन गाणी कमी झाली म्हणून गायक कुरकुरला. मी एक बारही सोडला नाही.