पांढऱ्या कॅनची पातळी

लॅबमधल्या बाईंनी पाच लिटरचा पांढरा कॅन माझ्यासमोर ठेवला आणि पाढे म्हणावेत तशा सूचना म्हटल्या. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी धरायची नाही. ती सोडून द्यायची आणि घड्याळ पाहून वेळ लिहायची. तिथून पुढं चोवीस तासांतला थेंब न् थेंब कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची मात्र धरायची. "सगळे इथंच उलटं करतात, सर," त्या म्हणाल्या. मी शिक्षक. कोणी एकच गोष्ट दोनदा सांगितली की माझं डोकं फिरतं, पण त्या दिवशी मीच त्यांना दोनदा विचारलं.

कारण तापात केलेल्या साध्या तपासणीत माझ्या लघवीत थोडी प्रथिनं दिसली होती. आमचं गाव वडनेर भोलजीपासून थोडं आत, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, जिथं त्या पाण्यानं किडन्या जातात. वडील किडन्या निकामी होऊन गेले, त्याला तीन वर्षं झाली होती. बापाला झालं तेच मला झालंय का, एवढंच त्या कॅननं सांगायचं होतं. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी सगळ्यांवर खेकसतो.

रविवार धरला, कारण शाळेत कॅन मिरवत कोण नेणार? बायको मुलांना घेऊन भावाच्या लग्नाला देऊळगाव राजाला गेली होती. घरात मी आणि माय. कॅन थंड ठेवायचा म्हणून मी फ्रिज उघडला, तर माय फ्रिजला पाठ लावून उभी राहिली.

"त्यात दही हाये, देवाचं दूध हाये. थे आत नाई जाऊ देत मी."

"माय, डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टरच्या फ्रिजात ठेव मंग."

शेवटी न्हाणीच्या कोपऱ्यात टबात बर्फाचं पाणी घातलं, त्यात कॅन उभा केला आणि वरून ओलं पोतं टाकलं. एक जुना मग धुऊन, कोरडा करून वेगळा ठेवला. संडासला जायचं असेल तर आधी मगात लघवी करून घ्यायची, नाहीतर तेवढी हातची गेलीच. एखादी वेळ चुकली तर लपवायचं नाही, सगळं ओतून दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात. हे सगळं मी पाळत होतो. वर माझी एक भर. दर वेळी कॅनवर लाल पेनानं पातळीची रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. खोड, दुसरं काय.

दुपारी एकला मी चौथी रेघ मारली आणि आडवा झालो. एप्रिलचं ऊन. गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं. अर्धवट झोपेत मला न्हाणीतून आवाज आला. आधी मग फरशीवर टेकल्याचा, आणि नंतर बारीक धार.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शेवटच्या महिन्यांत वडील त्याच न्हाणीत तास तास बसत. काही होत नसे. मग ते बिचारे मगानं पाणी ओतत, निदान धार तरी लागेल म्हणून. तोच मग, तीच फरशी. मी डोळे उघडले तेव्हा आवाज थांबला होता.

साडेतीनला पोतं बाजूला केलं. पातळी माझ्या रेघेच्या दोन बोटं वर होती.

टबातलं पाणी आत शिरलं म्हणावं, तर झाकण घट्ट. झोपेत मीच उठलो म्हणावं, तर माझं पोट फुगलेलं. मी वर्गात मुलांना सांगतो, भूतबीत काही नसतं, घाबरट माणसाचे कान वाजतात. तिथं उभा असताना मात्र पाचावर धारण बसली. मी माझं काम उरकलं, नवी रेघ मारली आणि दार ओढून बाहेर आलो.

माय दारात बसून तांदूळ निवडत होती. "न्हाणीत कोनी गेलतं का?" मी विचारलं.

"कोन जाईन? आपुन दोघंच तं आहो." ती सुपातून मान वर न करता म्हणाली. मग थोड्या वेळानं हळूच, "तुह्या बापाचं ध्यान येते का रे तुले तिथं?"

मी तिच्यावर उगाच ओरडलो.

संध्याकाळी पातळी पुन्हा वर. रात्री जेवणानंतर पुन्हा. मी लघवी दाबून धरू लागलो, न्हाणीत जायला नको म्हणून. मग वाटलं, असं करून तपासणीच बिघडेल, आणि दिवा लावून, खाकरत, मोठ्यानं पाढे म्हणत आत गेलो. चाळिशी उलटलेला माणूस!

सकाळी सहाची शेवटची धरली तेव्हा कॅन निम्म्याच्या वर गेला होता. माझ्या रेघांमधली अंतरं एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी. असा कॅन द्यायचा नसतो, हे मला कळत होतं. तरी दिला. तो आणखी एक दिवस घरात ठेवायची हिंमत माझ्यात नव्हती.

रिपोर्ट वाईट आला. प्रथिनं इतकी, की डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "पण एवढी लघवी एका माणसाची वाटत नाही," ते म्हणाले. "पुन्हा करा."

घरी येऊन मी मायला सांगितलं, पुन्हा करायचंय, कॅन फार भरला म्हणतात. तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

"थे म्याच भरलं," ती म्हणाली.

मी हातातला रिपोर्ट खाली ठेवला.

"घरातून भांडं अपुरं नाई धाडत बाप्पा कोनी. अन् तुह्या बापाच्या येळी दर खेपेले दवाखान्यातले म्हनत, कमी हाये, कमी हाये. कमी हाये म्हनता म्हनता गेला मानूस. तुहा कॅन पाह्यला तं तळालेच. मले वाटलं, भरला पाह्यजे. मंग माहीच टाकली त्यात. तुले सांगाची लाज वाटली."

मी आधी चिडलो, मग हसत सुटलो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. न्हाणीत वडील नव्हते, माय होती. दुसऱ्या रविवारी मी तिला न्हाणीकडं फिरकू दिलं नाही. कॅन कसाबसा दीड लिटर भरला आणि रेघा सगळ्या जागेवर राहिल्या.

रिपोर्ट स्वच्छ आला. जिवात जीव आला. डॉक्टरांना मी मायची गोष्ट रंगवून सांगितली, तिच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"सर, यात तुमची प्रथिनं नाहीत," दुसऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले. मग पहिल्याकडं पाहिलं. "यातली कोणाची होती?"

नवा कॅन मोटारसायकलच्या हँडलला अडकवून घरी आलो. वाटभर तो माझ्या गुडघ्यावर आपटत होता.

माय दारातच होती. "फोनवर साफ निघालं म्हनला ना? मंग हा कोनाचा?"

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि तिचं लुगडं घोट्यापासून जरा वर सारलं. पाऊल दाबून पाहिलं. बोट काढलं तरी खड्डा भरेना.

"कधीपासून सुजतात गं पाय?"

तिनं पाय आत ओढून घेतला. "तुह्या बापाले दवाखान्यात नेत होतो ना आपुन," ती म्हणाली, "तवापासून."