मुलुंड ते मरोळ, फाटकापर्यंतच

यंदाच्या सव्वीस जुलैला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, मरोळमधल्या एका टॉवरच्या फाटकावर मला अडवलं. पाऊस पडत होता, माझ्या छत्रीची काडी मोडली होती. वर नवव्या मजल्यावर जी बाई माझी वाट बघत होती, तिने वीसेक वर्षांपूर्वी मला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून घरात घेतलं होतं. याच जागेवर. तेव्हा इथे चाळ होती आणि फाटक नव्हतं.

ही फेरी कुणाला करावीशी वाटली तर आधी रस्ता सांगते. मुलुंडहून घाटकोपरला बसने जा. एलबीएस मार्गावर भांडुप-कांजूर संपता संपत नाहीत, तेव्हा खिडकीची जागा पकडा. घाटकोपरहून मेट्रो. तिकीट रिक्षाच्या किमान भाड्याच्या आसपास, आणि डब्यात गारठा इतका की माझ्या वयाच्या बायकांनी शाल न्यावी. साकीनाक्याच्या पुढचं मरोळ नाका. खाली कटिंग चहा चांगला मिळतो. वडा गरम आहे का ते हात लावून बघा. मी विश्वास ठेवला आणि गार वडा खाल्ला.

माझ्या पिशवीत अळूवडीचे उकडलेले उंडे होते. त्या बाईकडे, म्हणजे नलूताईंकडे, सव्वीस जुलैला जाताना मी दरवर्षी तेच नेत असे. मग करोना आला, मग चाळ पाडली, नलूताई कुठेतरी लांब भाड्याच्या घरात गेल्या. मध्ये पाच-सहा वर्षं गेली. नव्या घरात मी पहिल्यांदाच जात होते.

त्या पुराच्या दिवशी मी अंधेरीच्या ऑफिसातून चालत निघाले होते. मरोळला पाणी कमरेला लागलं. एका जिन्याच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बाईने हात पुढे केला. मी कॉन्व्हेंटची. वर्गात शिरण्याआधी दारात थांबून परवानगी मागायची, हे सिस्टरांनी आमच्या हाडांत मुरवलेलं. त्यामुळे वर चढून, अंगावरून गटाराचं पाणी निथळत असताना, मी तिच्या उंबऱ्यात थांबले आणि विचारलं, "आत येऊ का?"

"इचारतंस काय गो? आत ये आदी," ती म्हणाली. त्या नलूताई. मालवणच्या. नवरा गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेला, तोही त्या रात्री कुठेतरी अडकलेला. दोन खोल्यांत आम्ही कितीतरी अनोळखी माणसं ओळीने झोपलो. उकड्या तांदळाची पेज आणि करवंदाचं लोणचं सगळ्यांना मिळालं. माझी पर्स त्यांच्या फडताळात, परक्या माणसांच्या पिशव्यांशेजारी. सकाळपर्यंत ती उघडून बघावी असं माझ्या मनातही आलं नाही. आज मी स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही पर्स छातीशी धरते.

पुढे काही महिने ही मुंबई तशीच राहिली होती. रिक्षावाला अनोळखी बाईला घरापर्यंत सोडून भाडं राहू द्या म्हणायचा. मग ते विरत गेलं. कोणत्या दिवशी, कुणालाच सांगता येणार नाही.

तर फाटक. सुरक्षारक्षकाने इंटरकॉम लावला. नलूताईंचा आवाज मला बाहेर ऐकू आला, "पाठव, पाठव." तरी तो हलेना. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मंजुरी यायला हवी, आणि ती त्यांच्या मुलाकडूनच. मुलगा नोकरीवर, फोन उचलेना. मी पिशवी दाखवली. तो खुलला. "सामान चालतं मॅडम," तो म्हणाला, "माणूस नाय चालत." माझे उंडे लिफ्टने नवव्या मजल्यावर गेले. मी खालीच.

शेवटी गुडघे दुखत असताना नलूताईच खाली आल्या, थर्मास घेऊन. रक्षकाने आपली खुर्ची त्यांना दिली, मला प्लास्टिकचं स्टूल. फाटकाच्या पत्र्याखाली बसून आम्ही चहा प्यायलो. मी तणतणत होते, त्या हसत होत्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. इथे आल्यावर गेटवरून जो फोन येई, त्याला त्या होकार देत. कुरिअरवाला, पाण्याचं मशीन विकणारा, पत्ता चुकलेला, सगळे वर. एकदा पावसात भिजणाऱ्या चौघांना त्यांनी लॉबीत बसवून घेतलं, तर बैठकीत समितीने ठराव केला की ह्या घराची मंजुरी मुलानेच द्यायची.

"पण तुम्ही नावं तरी विचारत जा ना," मी म्हटलं.

"तुझा इचारलं होतंय?" त्या म्हणाल्या. "माझो 'होय' आता चालना नाय गो बाय."

मी थर्मासमधला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

परतीला घाटकोपरला बस लगेच मिळाली. घरी आले तर आमच्या फाटकावरचा माणूस एका भिजलेल्या पोराला विचारत होता, कुणाकडे जायचंय. मला चाळ नकोय. तिथला सामायिक संडास मीही पाहिलाय. मला तो उंबरठा हवाय, जिथे परवानगी मागणं हास्यास्पद ठरलं होतं.

म्हणून त्या टॉवरच्या व्यवस्थापन समितीला हे जाहीर विचारणं. चोरांपासून जपा, जरूर जपा. पण ज्या बाईच्या होकारावर एक रात्र आमचे जीव तगले, तिचा होकार तुम्ही कोणत्या अधिकाराने काढून घेतलात? तो परत करा. नारळी पौर्णिमेच्या आत, लेखी. उत्तर मला नको, नलूताईंना द्या. त्यांना खाली बोलावू नका. लिफ्टने नवव्या मजल्यावर जा. दार उघडंच असेल. आत येऊ का, असं विचारू नका, त्या चिडतात.