सवतीचा टाक

हे मी सख्ख्या बहिणीलाही बोलले नाही. ती शेवटचं भेटली तेव्हा ओठावर आलं होतं, गिळलं. तुम्हाला सांगते — तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

मी दुसरेपणाची बायको. पहिली, कौसा, बाळंतपणात गेली. आमच्याकडं दुसरीच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक बांधतात — चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची मूर्त. सासूनं मांडवातच बांधला. म्हणजे जेवताना, झोपताना ती माझ्या छातीवर. मला मालकांनी कायम "अगं" म्हणून हाक मारली. तिला मात्र नाव होतं. तिचं लुगडं उन्हात टाकायला काढलं की हळूच म्हणायचे — कौसाचं हाय, जपून. जपलं. दुसरं काय करणार?

मालक गावच्या सोसायटीत दुधाचं फॅट मोजायला होते. दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, तेव्हा तिथलं दूध मोटारसायकलला कॅन बांधून आणायचे. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी घसरली. डोक्याला नुसता रुमाल. बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं, जखम सुकली, केसही उगवले. सोसायटीचे चेअरमन बघायला आले आणि हसले, "कामून बसलास रं घरात? टकाटक तर दिसायलास!"

वरून भरलं होतं. आतून नाही. चहा प्यालेला विसरायचे, भांडं पडलं तरी अंगावर धावून यायचे. कुणी म्हणे सोंग, कुणी म्हणे वेड. दोन्ही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवून सांगितलं होतं — मेंदूला मार बसलाय, यांचं फार जुनं तेवढं राहिलंय, मधलं पुसलंय, नवं टिकणार नाही.

आणि जुनं म्हणजे कोण? कौसा.

मला ओळखायचे नाहीत. "अवो बाई, कौसा कुठं गेली?" — बाई! ज्याच्या भाकरी थापता थापता माझे केस पिकले, तो मला परक्या बाईसारखं अहो-जाहो करत होता.

डॉक्टरीणबाई हेही म्हणाल्या होत्या, "मावशी, त्या गेल्या हे पुन्हापुन्हा सांगू नका. त्यांना ते दरवेळी नवीनच असेल. हाताला काहीतरी काम द्या, विषय बदला." चौथी शिकलेय मी. एवढं समजतं.

पहिल्यांदा चुकून झालं म्हणू? नाही. त्यांनी विचारलं, आणि मी पोलक्यातून टाक ओढून त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. तोंडानं काही बोलले नाही. गळ्यातला टाक म्हणजे काय, हे त्या डोक्यालाही ठाऊक होतं. आधी चेहरा कोरा — मग मोडला. लेकरासारखे रडले. थोड्या वेळानं अंगणातल्या कोंबड्या बघून हसले. आणि परत — "अवो बाई, कौसा..."

मी परत टाक काढला.

रोज. विचारायचे नाहीत त्या दिवशी मीच वाट बघायचे. माझ्यासाठी हा माणूस असा रडला असता का, हे बघत होते? की तिला माझ्या हातानं पुन्हा मारत होते? दोन्ही. आणि बरं वाटायचं. हेच सांगायचं होतं — मला बरं वाटायचं.

गावात बाया म्हणायच्या, "लई केलं हिनं नवऱ्याचं." मी मान खाली घालून ऐकायचे.

पुढं त्यांनी कौसाचं विचारणं सोडलं. मला वाटलं, गेली एकदाची. एकदा भाकरी वाढताना घाम पुसायला माझा हात गळ्याकडं गेला — तर ताट लोटून ते भिंतीला चिकटले. "न्हाई बाई, न्हाई इचारत." काय विचारत नाही, ते त्यांना ठाऊक नव्हतं. नवं काही टिकणार नाही म्हणाल्या होत्या ना डॉक्टरीणबाई? हे टिकलं. त्यांच्या डोक्यात माझं म्हणून राहिलं ते एवढंच.

नंतर टाक कधी दाखवला नाही. दाखवायची गरजच उरली नव्हती.

शेवटच्या दिवशी पाणी पाजायला वाकले. तेव्हा तरी काढून ठेवायचा होता. नाही काढला. तो लोंबून पुढं आला. त्यांनी तोंड फिरवलं. पाणी उशीवर सांडलं.