आबांचा खोकला

हे मी आजवर कुणालाच बोललो नाय. आईला तर नायच नाय. हसशील तू — हस. तेव्हा मीबी मनातल्या मनात लई हसलो होतो.

मला नकला येतात. औरंगपुऱ्यात चपलांच्या दुकानात असतो मी. गिऱ्हाईक वळलं की त्याची चाल, त्याचं "भैया, कुछ तो कम करो" — सगळं हुबेहूब. मग अंगात येणं काय अवघड?

चिकलठाण्याच्या काकूच्या अंगात देवी यायची. नवरात्रात सगळी भावकी तिच्या घरी. एरवी पिऊन तिला गुरासारखा बडवणारा काका — ती घुमायला लागली की हात जोडून बसायचा. देवी म्हणायची, "दारू सोड." सोडायचा की! पुढचे कैक महिने घर शांत.

पप्पा गेले त्या साली देवीनं माझ्या आईकडं बोट केलं. "हिच्या पायगुणानं गेला तो. हिच्या हातात परडी नको." देवीची परडी थोरल्या सुनेकडं असते आमच्यात. आईच्या हातातून ती ओढून घेतली — सगळ्यांदेखत.

ते बोट देवीचं होतं, का काकूचं? मी विचारत बसलो नाय. आबांचा — माझ्या मेलेल्या आज्याचा — आवाज घोटत बसलो. आधी खोकला. मग खाकरणं. मग बोलणं.

पुढच्या नवरात्रात काकू घुमली, तसा मीबी घुमलो. खोकलो. काकाच्या हातातलं आरतीचं ताटच पडलं.

"आबा?"

"व्हय रं, मीच. ही सोंग करती. हिच्यात देवी नाय. परडी थोरलीला दे."

काकू घुमता घुमता थांबली. केस तोंडावर तसेच. काय गोड लागलं ते — अजून लागतं.

आईकडं परडी आली. काकाकडं बाटली आली. आता त्याला सोड म्हणणारी देवीच उरली नव्हती. हे होणार, मला माहीत नव्हतं का?

होतं. म्हणून तर केलं.

आता दर नवरात्रात आबा माझ्याच अंगात येतात. पोरीचं लग्न, जमीन, नोकरी — सगळे विचारतात, मी सांगतो. "दारू सोड" एवढं आबांच्या आवाजात म्हटलं, तर काका आजही ऐकेल. म्हटलेलं नाय.

काकू सगळ्यात शेवटी येते. डोळ्याखाली काळंनिळं. काही विचारत नाय, नुसती पाया पडते.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो. आणि खोकतो.